फ्रेंचच्या क्लासआधी द्राक्षाची बाग

वाइन टूरच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, ठाण्याहून नाशिकच्या वायनरींना गाडी सुरू करायचीये, आधी फ्रेंच शिकू का?" कल्याणच्या एका मुलाने तर हिशोबच पाठवला. जमवलेले 25,000 रुपये. त्यातले बरेचसे फ्रेंचच्या क्लासला, उरलेले व्हिजिटिंग कार्ड आणि जाहिरातीला. गाडी भावाची आहे, ती फुकट. आणि शेवटी एक वाक्य: "लेबलवरचं वाचता येत नाही, गिऱ्हाइकासमोर लाज वाटते."

त्या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख लिहितेय. कारण अडचण खरी आहे, पण तिच्यावरचं औषध म्हणून क्लास लावणं मला पटत नाही. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. धंद्याची भाषा धंद्याच्या घरात शिकली जाते, आणि द्राक्षाच्या बाबतीत ते घर आपल्यापासून तीन-चार तासांवर आहे. शिवाय त्या घरातले अर्धे शब्द तुमच्याकडे मराठीत आधीच आहेत.

आधी फ्रान्सकडे बघू. तिथे 'व्हिन्यरों' म्हणून एक शब्द आहे. स्वतःची द्राक्षं लावायची, स्वतःच त्यांची वाइन करायची, असा माणूस. घर, बाग आणि तळघर जवळजवळ, आणि काम घरातल्या सगळ्यांचं. अशा घरातलं पोर वाइनचे शब्द पुस्तकातून शिकत नाही. त्याला 'गूते' हा शब्द पहिल्यांदा कळतो तो दुपारी चारच्या खाण्याचा. शाळेतून आल्यावर पाव आणि चॉकलेट मिळतं, ते 'गूते'. आपल्याकडचं मधल्या वेळचं खाणं. मग एक दिवस वडील टाकीतून पेल्यात थोडा रस काढतात, तोंडात घोळवतात, आणि तेही 'गूते'च. चव घेणं. एकच शब्द, एक स्वयंपाकघरातला, एक तळघरातला. पोराला दुसरा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

'एल्व्हे' हे क्रियापद त्याहून छान आहे. मूल वाढवणं म्हणजे एल्व्हे, गुरं पाळणं म्हणजेही एल्व्हे. आणि वाइन तयार झाल्यावर ती पिंपात महिनोन्‌महिने ठेवतात, चव बघतात, एका भांड्यातून दुसऱ्यात काढतात, त्या सगळ्या काळालाही नाव आहे 'एल्व्हाज'. म्हणजे फ्रेंच माणूस वाइन बनवून मोकळा होत नाही, ती वाढवतो. हे तुम्हाला कळलं की ओक पिंपात वर्षभर ठेवलेली बाटली महाग का, हे गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगता येतं. "ती वर्षभर सांभाळलीय हो." क्लासमध्ये एल्व्हे बहुधा फळ्यावर भेटेल, क्रियापदाच्या रूपांच्या तक्त्यात. तिथून ते बाटलीच्या किमतीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

क्लासवाल्यांवर माझा राग नाही. त्यांना सगळ्यांसाठी शिकवायचं असतं, म्हणून ते नाव काय, राहता कुठे, छंद कोणते इथून सुरुवात करतात. ते बरोबरच आहे. पण वायनरीत सगळ्यात जास्त काय काम चालतं माहितीये? धुणं. टाक्या धुवायच्या, पाइप धुवायचे, क्रेट धुवायचे, फरशी धुवायची. म्हणून तिथला पहिला उपयोगाचा शब्द 'लाव्हे', म्हणजे धुणे. दुसरा 'तुइयो', म्हणजे पाइप. गंमत म्हणजे बोलीत तुइयोचा अर्थ 'आतली खबर' असाही होतो. चांगला तुइयो दिला म्हणजे चांगली टीप दिली. आता हा शब्द तुम्ही विसराल का?

आता नाशिक. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षवाल्या घरात जा आणि कान उघडे ठेवा. ज्याने आयुष्यात फ्रेंचचं पुस्तक पाहिलं नाही, तो शेतकरी सकाळी म्हणेल, "सिकेटर कुठंय? आणि बोर्डो कालवून ठेव." दोन वाक्यांत दोन फ्रेंच शब्द. छाटणीची कात्री म्हणजे सिकेटर, मूळ फ्रेंच 'सेकातर'. आणि बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो शहर.

बोर्डोची गोष्ट धंदा शिकणाऱ्यांनी नीट वाचावी अशी आहे. 1878 च्या सुमारास फ्रान्सच्या बागांत एक नवा रोग दिसला, ज्याला आपले शेतकरी डाऊनी किंवा केवडा म्हणतात. पानं जायची, घड जायचे. बोर्दोजवळच्या मेदोक भागात काही बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवायचे. कशासाठी? येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडून खाऊ नयेत म्हणून. पानं निळसर घाण दिसली की चोर हात लावत नसे. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेली टिकल्यात आणि आतल्या गेल्यात. त्याने प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते मिश्रण जगासमोर मांडलं. आज आपल्याकडे एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे द्राक्षवाल्या घरात पाढ्यासारखं पाठ असतं. शहराचं नाव औषधाला मिळालं आणि औषध निफाडच्या घरात मराठी होऊन बसलं. कोणी क्लास लावला होता? रोग आला, पैसा जायला लागला, शब्द आला. असा शब्द कायमचा राहतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपले बागायतदार काडीवर जिथून नवी फूट निघते त्या जागेला 'डोळा' म्हणतात. इतक्या डोळ्यांवर काडी छाटा, असं बोलतात. फ्रेंच व्हिन्यरों त्याच जागेला काय म्हणतो? 'अय'. म्हणजे डोळाच. अनेकवचन 'य्यू', लिहिताना-बोलताना दोघांचा काही संबंध वाटत नाही, पण अर्थ डोळे. तिकडेही दोन डोळ्यांवर छाटतात आणि इकडेही. हा शब्द कोणी कोणाकडून घेतलेला नाही. वेलीकडे रोज बघणाऱ्या माणसाला ती जागा डोळ्यासारखी दिसते, एवढंच. वेलीच्या एका झाडाला ते 'प्ये' म्हणतात, म्हणजे पाय. आपण कलम म्हणतो त्याला 'ग्रेफ', आणि ज्या खुंटावर कलम करतो त्याला 'पोर्त-ग्रेफ', म्हणजे कलम वाहणारा. रस काढून उरलेला चोथा तो 'मार', स्पेलिंगमध्ये शेवटी सी आहे, पण तो बोलायचा नाही.

आणि काही ठिकाणी आपली मराठी जास्त बारकाईची आहे, हेही सांगते. फ्रान्समध्ये मुख्य छाटणी एकच, हिवाळ्यातली. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून नाशिकला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळ छाटणी, जिला गोडी छाटणीही म्हणतात. ओलांडा, बगलफूट, शेंडा मारणे, विरळणी. हे शब्द तुमच्या टूरमध्ये तुम्ही वापरलेत तर घोडबंदर रोडच्या टॉवरमधून आलेलं जोडपं फोन खिशात ठेवून ऐकेल. 'टेरुआर' हा शब्द त्यांनी इन्स्टावर ऐकलेला असतो. 'गोडी छाटणी' नाही ऐकलेला.

इथे मला थोडं कडक बोलायचंय. आपल्याकडे नवीन उद्योजक घरचे शब्द लपवतो आणि बाहेरचे शब्द मिरवतो. वडिलांचा भाजीचा गाळा असेल तर तो "ॲग्री सप्लाय चेन" म्हणतो. निफाडच्या शेतकऱ्याचा मुलगा ठाण्यात येऊन वाइनबद्दल बोलताना बगलफूट म्हणायला लाजतो, आणि जो फ्रेंच शब्द धड माहीत नाही तो ठासून बोलतो. खरा फ्रेंच व्हिन्यरों घरचाच शब्द वापरतोय, डोळा, पाय, चोथा! त्याचा घरचा शब्द आपल्याला भारी वाटतो, कारण तो आपल्या घरचा नाही.

हे फक्त शेतकऱ्यांचंच नाही. उल्हासनगरला माल आणायला जाणारा कल्याणचा दुकानदार सिंधीचे दोन-चार डझन शब्द बोलतो. भाव, उधारी, कापड, शिवी, आणि चहा घेणार का. कुठल्या क्लासला गेला होता? माझं दुकान डोंबिवली पूर्वेला, केकच्या सामानाचं. काउंटरवर दिवसभर फ्रेंच शब्द चालतात, गनाश, मूस, एक्लेअर. मी बघते, ज्या ताईंची गनाश एकदा फाटलीय त्यांना तो शब्द नीट माहीत असतो. "ताई, गनाश फाटली, क्रीम जास्त गरम झालं का?" दूध फाटतं तशी गनाश फाटते, हे क्रियापद त्यांनी स्वतः लावलं. ज्यांनी नुसता व्हिडिओ बघितलाय त्या उच्चारावर अडून बसतात. त्याच रस्त्यावर पुढे फुलवाला 'बुके' बांधतो. वाइनच्या जगात जुन्या वाइनच्या सुगंधालाही 'बुके'च म्हणतात. स्टेशनबाहेर तुम्ही रोज तो शब्द बोलता.

उच्चाराची भीती घालवायला एक गोष्ट सांगते. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मराठी माणसाला फ्रेंच उलट सोपी जाते. तू आणि तुम्ही हा भेद त्यांच्यात आहे, 'त्यू' आणि 'व्हू'. इंग्रजीत तो नाही. शब्दांना लिंग आहे, आणि आपल्याला बाटली स्त्रीलिंगी का, हा प्रश्न कधी पडत नाही. त्यांचीही बाटली स्त्रीलिंगीच, 'ला बुतेय'. पण वाइन मात्र पुल्लिंगी, 'ल वँ', तो वाइन. नाकातले स्वर आपल्या जुन्या मराठीत होते, कोकणातल्या आज्या अजून बोलतात. 'वँ' म्हणा, नाकातून. झालं. आता मजा अशी की वीस या आकड्याचा उच्चारही 'वँ'च आहे. आणि ऐंशी? 'कात्र-वँ', म्हणजे चार वीस. जुने कापडवाले वीस नगांची कोडी मोजायचे, ते आठवा. ऐंशी म्हणजे चार कोड्या. नव्वद म्हणजे चार कोड्या आणि दहा, फ्रेंचमध्ये अगदी असंच. भिवंडीच्या कापडबाजारात वाढलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळेल.

लक्षात ठेवायला आणखी काही देते. पिंपाला बोर्दोत 'बारिक' म्हणतात. नाव बारिक आणि पोटात 225 लिटर, म्हणजे 750 मिलीच्या 300 बाटल्या. वाइन ठेवायच्या जमिनीवरच्या जागेचं स्पेलिंग सी, एच, ए, आय. आपण चाय वाचणार, पण उच्चार 'शे', आणि तिथे चहा मिळत नाही. बुचाला 'बूशों' म्हणतात, आणि ट्रॅफिक जॅमलाही बूशों. माजिवड्याला किंवा शिळफाट्याला गाडी अडकली की पाहुण्यांना हाच शब्द शिकवा. वायनरीत पोचून बाटली उघडेपर्यंत तो त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असेल. तुमची टूर तिथूनच सुरू झाली.

आता जिथे पुस्तकी शब्द धंद्यात तोंडावर पाडतो ते बघा. 'सेक' म्हणजे कोरडा. डिक्शनरीत हेच आहे. साध्या वाइनवर 'सेक' असेल तर ती खरंच गोड नसते. पण शॅम्पेनसारख्या फेसाळ वाइनवर 'सेक' लिहिलेलं असेल तर ती चांगली गोडसर असते, लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर. आणि 'ब्रुत', ज्याचा साधा अर्थ कच्चा, रांगडा, ती लिटरला 12 ग्रॅमच्या आतली. म्हणजे कोरडी हवी असलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही डिक्शनरी बघून सेक सुचवली तर तो तोंड वाकडं करणार. वाइनवाल्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराला हे माहीत असतं, कारण लग्नाला कोणती बाटली आणि आजीच्या गोड केकबरोबर कोणती, हे त्याने पाहिलेलं असतं.

महाराष्ट्रात हे आधी कसं झालं, तेही थोडक्यात. 1980 च्या दशकात नारायणगावला चौगुले यांच्या इंडाजने फ्रेंच शॅम्पेनवाल्यांची तांत्रिक मदत घेऊन फेसाळ वाइन काढली, नाव ठेवलं 'मार्कीज द पोम्पादूर'. जुन्नर तालुक्यात फ्रान्सच्या दरबारातली बाई! अकलूजला मोहिते-पाटलांच्या घरात फ्रेंच नव्हे तर इटालियन आली. भागीदार इटालियन भाऊ, वाइन करणारा इटालियन, आणि कंपनीचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. मोहिते-पाटील भाऊ, सेखरी भाऊ आणि सेच्ची भाऊ अशा तीन जोड्या. नाशिकला राजीव सामंतांनी सुरुवातीला कॅलिफोर्नियाचा जाणकार आणला, आणि ब्रँडला नाव दिलं आईच्या, सुलभाच्या नावावरून. पहिली सुला वाइन 2000 साली बाजारात आली. द्राक्षाच्या जातींची नावं फ्रेंच, शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, पण बाटलीवर सूर्य आणि घरचं नाव. मला हे तिसरं सगळ्यात हुशारीचं वाटतं. पोम्पादूर लक्षात ठेवायला मेहनत लागते, सुलाला लागत नाही.

तुम्ही बायोमध्ये जो शब्द लिहिता, 'आंत्रप्रनर', तोही फ्रेंचच. 1755 साली छापलेल्या रिशार काँतियों यांच्या पुस्तकात त्याचा अर्थ असा येतो: ठरलेल्या भावाला घ्यायचं आणि न ठरलेल्या भावाला विकायचं, असा माणूस. छाटणीला मजुरी आज ठरलेली, बाटलीचा भाव उद्या काय येईल कोण जाणे. व्हिन्यरों तोच, निफाडचा शेतकरी तोच, आणि डिझेल भरून नाशिकला निघालेला कल्याणचा मुलगाही तोच.

मग क्लास कोणी लावायचा? ज्याला बोर्दो किंवा माँपेलियेला जाऊन वाइनचं शिक्षण घ्यायचंय, तिथे नोकरी करायचीय, त्याने जरूर लावावा, चांगल्या संस्थेत, परीक्षा देऊन. त्याला धंद्याचे शंभर शब्द पुरणार नाहीत, त्याला घरमालकाशी भांडता आलं पाहिजे. पण ठाण्याहून नाशिकला जाणाऱ्या तुमच्या गाडीत बसणारे बहुतेक लोक ठाणे, मुलुंड, डोंबिवलीचे असणार आहेत. त्यांच्याशी मराठी, हिंदी, इंग्रजीत बोलायचंय. त्यांना साठ-सत्तर शब्द नीट उच्चारून, अर्थासकट सांगणारा माणूस हवाय. तेवढ्यासाठी 20,000 घालवू नका. तो पैसा पहिल्या चार फेऱ्यांच्या डिझेलला ठेवा. त्या फेऱ्या गिऱ्हाइकाशिवाय करा, हेच तुमचं शिकण्याचं फीचं पाकीट समजा.

कसं करायचं ते सांगते. माजिवड्याहून नाशिक हायवे धरा, पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी. कल्याणकरांनी सरळ ट्रेनने गेलं तरी चालेल. एक फेरी एप्रिलमध्ये खरड छाटणीला, एक ऑक्टोबरमध्ये, आणि दोन जानेवारी ते मार्चच्या तोडणीत. वायनरीच्या टूरमध्ये गाइड बोलतो ते ऐका, पण खरा तुइयो बागेतल्या मुकादमाकडे आणि टाक्यांजवळच्या पोरांकडे असतो. वहीत आधी मराठी शब्द लिहा, त्याच्यासमोर फ्रेंच, आणि तो देवनागरीत, कानाला जसा ऐकू आला तसा. स्पेलिंग नंतर. एका फेरीला पंधरा शब्दांच्या वर नको. घरी आल्यावर ते पंधरा शब्द आईला किंवा बायकोला सांगून बघा. तिला समजले तर गिऱ्हाइकाला समजतील.

दोन कामाच्या गोष्टी. दारू बाळगायला, द्यायला आणि विकायला महाराष्ट्रात परवाने लागतात आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, त्यामुळे गाडीत बाटल्या उघडून 'अनुभव' देण्याचा उद्योग करू नका. चाखणं होईल ते वायनरीत. आणि गाडी चालवणाऱ्याने चाखलंच तर गिळायचं नाही. त्यासाठी टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, फ्रेंचमध्ये 'क्राश्वार'. आपल्या आजोबांच्या बैठकीत असायची ती पिकदाणी. जाणकार लोक त्यात बिनधास्त थुंकतात, कोणी हसत नाही.

तोडणीच्या दिवसांत जाणार असाल तर पहाटे पोचा. गारव्यात घड उतरवतात तेव्हा माणसं बोलतात, विचारलं तर थांबून दाखवतातही. दुपारनंतर सगळे टाक्या धुवायला लागलेले असतात, तेव्हा मध्ये पडू नका. आणि निघताना त्या मुकादमाला चहा पाजा, त्याने दिलेल्या शब्दांचं बिल त्याने लावलेलं नाही.